वातानुकूलन यंत्रांचे मानक न्यायालयात

घरगुती यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते. विजेचा खर्च मात्र यंत्र चालेल तितकी वर्षे होत राहतो. भाड्याच्या घरात तर बहुधा यंत्राची निवड घरमालक करतो आणि विजेचे देयक भाडेकरू भरतो. स्वस्त परंतु वीजखाऊ यंत्रे बाजारात टिकून राहतात, त्याचे एक कारण हेच होय. म्हणून अनेक देशांत शासन यंत्रांची किमान कार्यक्षमता ठरवून देते. आपल्याकडे ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये हा अधिकार केंद्र सरकारला आहे. परंतु एकदा ठरविलेले मानक शासनाला पुन्हा खाली आणता येईल काय? अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयासमोर आला.

तेथील मूळ कायदा तेलटंचाईनंतरचा, म्हणजे १९७५ चा. पुढे ऊर्जा खात्याने अनेक यंत्रांना मानकाची गरजच नाही असे ठरविले; तो निर्णय अपील न्यायालयाने १९८५ मध्ये रद्द केला. त्यानंतर १९८७ च्या कायद्यात संसदेने मानकांचे आकडे स्वतःच घातले आणि खात्यावर एक बंधनही घातले. ते असे की, सुधारित मानक आधीच्या मानकापेक्षा शिथिल असता कामा नये.

घरांतील मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रांचे मानक १९९२ पासून १० होते. यंत्राने संपूर्ण हंगामात घराबाहेर काढलेल्या उष्णतेला त्यासाठी लागलेल्या विजेने भागले की हा आकडा मिळतो. २२ जानेवारी २००१ च्या राजपत्रात १३ हे नवे मानक प्रसिद्ध झाले. येथे हिशेबात गफलत होण्याचा संभव असतो. कार्यक्षमता ३० टक्क्यांनी वाढली तरी तेवढ्याच गारव्यासाठी लागणारी वीज सुमारे २३ टक्क्यांनीच घटते. मानक १२ ठेवल्यास ही घट १७ टक्क्यांच्या आसपास राहते.

राजपत्र निघण्यापूर्वी दोनच दिवस सत्तांतर झाले होते. नव्या प्रशासनाने नियमाचा अंमल लांबणीवर टाकला आणि २००२ मध्ये १३ ऐवजी १२ हे मानक जाहीर केले. उत्पादकांच्या संघटनेचा १३ ला विरोध होता. यंत्रांची किंमत वाढेल, हा त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण कायद्याचा प्रश्न वेगळा होता. पर्यावरणवादी व ग्राहक संघटना आणि न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारखी राज्ये न्यायालयात गेली.

खात्याचे म्हणणे असे की, नियम अमलात आलाच नव्हता, तेव्हा तो बदलण्यात माघार कसली? न्यूयॉर्क येथील अपील न्यायालयाने १३ जानेवारी २००४ रोजी हा युक्तिवाद फेटाळला. राजपत्रात प्रसिद्ध होताच मानक बंधनकारक ठरते. त्यानंतर ते शिथिल करण्याचा अधिकार खात्याला उरत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. वास्तविक, प्रसिद्धी व अंमलबजावणी यांमधील अवधी उत्पादकांना तयारीसाठी दिलेला असतो. त्याच अवधीत नियम मागे घेता आला असता, तर कायद्यातील बंधन केवळ कागदावरच राहिले असते. २३ जानेवारी २००६ पासून १३ हेच मानक लागू झाले.

तथापि न्यायालये नेहमीच कठोर मानकांच्या बाजूने उभी राहतात असे नाही. भांडी धुण्याच्या व कपडे धुण्याच्या जलद यंत्रांना २०२० मध्ये दिलेली मोकळीक खात्याने २०२२ मध्ये काढून घेतली, तेव्हा लुइझियाना व इतर काही राज्यांनी दाद मागितली. यंत्रात भांडी नीट निघाली नाहीत तर लोक ती हाताने किंवा पुन्हा यंत्रात धुतात आणि पाणी व वीज अधिकच खर्च होते. याचा पुरेसा विचार खात्याने केला नाही, असे म्हणून अपील न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ते प्रकरण खात्याकडे परत धाडले.