साडेसहापर्यंत आकडा बाहेर नको

एक्झिट पोलच्या कामाला जाणाऱ्या तरुणांना प्रश्न कसे विचारायचे ते शिकवतात, पण कायदा कोणी सांगत नाही. 2024 च्या लोकसभेला मी विदर्भात हे काम केलं. आमच्यातल्या एका मुलाने दुपारीच आपल्या केंद्राबाहेरच्या कलाचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला. एका उमेदवाराच्या कार्यकर्त्यांनी तो लगेच गावोगावच्या ग्रुपवर फिरवला. संध्याकाळी त्या मुलाला पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं होतं आणि संस्थेने हात वर केले. वाईट याचं वाटतं, की त्याला आधी कोणी काही सांगितलंच नव्हतं.

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मध्ये 2009 च्या दुरुस्तीने कलम 126 अ आलं. निवडणूक आयोगाने ठरवलेल्या मुदतीत एक्झिट पोलचा निष्कर्ष प्रसिद्ध केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. यात मोबाइलही मोडतो, म्हणजे स्टेटस ही खासगी बाब उरत नाही. आपल्या गावचं मतदान संपलं म्हणून बंदीही संपत नाही. विदर्भ 26 एप्रिलला मोकळा झाला, पण देशातला शेवटचा टप्पा 1 जूनला होता. त्या संध्याकाळी साडेसहापर्यंत तोंड बंद ठेवायचं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या विधानसभेला महाराष्ट्राचं मतदान 20 तारखेला, पण झारखंडचा पहिला टप्पा 13 ला असल्याने बंदी 13 लाच सुरू झाली. हा कायदा नुसता कागदावर नाही. 2017 मध्ये उत्तर प्रदेशात पहिल्या टप्प्यानंतर असे आकडे झळकले, तेव्हा एका हिंदी दैनिकाच्या संकेतस्थळाच्या संपादकाला अटक झाली होती.

केंद्रापासून 100 मीटरवर फक्कीची रेघ असते. तिच्या आत प्रचाराला बंदी आहे, मोबाइल वापरायलाही. तुम्ही प्रचार करत नसाल, पण हातात टॅब घेऊन आत उभे राहिलात तर बंदोबस्तावरचा पोलीस हटकणारच. रेघेच्या बाहेर, पक्षांच्या टेबलांपासूनही लांब उभे राहा. संस्थेच्या ओळखपत्रावर केंद्रात शिरता येत नाही. त्याला आयोगाचं प्राधिकारपत्र लागतं.

आणि मतदार. मत कोणाला दिलं हे सांगायला साक्षीदाराला कोर्टसुद्धा भाग पाडू शकत नाही. त्याच कायद्याचं कलम 94 तसं सांगतं. मग आपण कोण? सासरा किंवा नवरा शेजारी उभा असताना बाईला मोठ्याने विचारणं हा माझ्या मते अन्याय आहे. चिन्हं छापलेला कागद द्यावा, तिने खूण करून, घडी घालून पेटीत टाकावा. नको म्हणाली तर नमस्कार करून बाजूला व्हावं. फेरतपासणीसाठी मतदाराचा मोबाइल नंबर मागायला सांगतात, तेही मला पटत नाही. नंबर आणि मत एका कागदावर आलं की गुप्तता कुठे राहिली?

रुजू होण्याआधी संस्थेकडून नेमणुकीचं पत्र मागून घ्या. त्यात बंदीच्या तारखा, वेळ, आकडे कोणाकडे द्यायचे त्या माणसाचं नाव हे सगळं लेखी हवं. कलम 126 ब प्रमाणे कंपनीकडून गुन्हा घडला तर तिचा कारभार पाहणारेही जबाबदार ठरतात, हे त्यांनाही ठाऊक असतं. पत्र द्यायला जी संस्था टाळाटाळ करील, तिचं काम घेऊ नका.