कागद न मागणारी कंपनी

सातारा

चि. सायली,

काल ताईचा फोन आला होता. तुझ्या डीएनएसच्या कामाबद्दल ती भरभरून बोलत होती. पाच शहरांत सर्व्हर घेतलेस, स्वतःचा एएस नंबर मिळवलास, ऐकून फार बरे वाटले. बोलता बोलता ती म्हणाली, "एका कंपनीने तर कागदपत्र काहीसुद्धा मागितलं नाही. रात्री मेल केला आणि अर्ध्या तासात बीजीपी सुरू!" तिला ती चांगली बातमी वाटली. माझी मात्र झोप उडाली.

सायली, ज्याने तुला काही विचारले नाही, त्याने तुझ्या आधी आलेल्यांनाही विचारलेले नसणार आणि नंतर येणाऱ्यांनाही विचारणार नाही. चौकशी न करता भाडेकरूंना किल्ली देणाऱ्या घरमालकाकडे तू राहायला गेली असतीस, तर भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी तुझे सामान परत आणले असते. आज तू तुझा /२४ प्रीफिक्स तिथून जाहीर करतेस. उद्या तिथलाच दुसरा कोणी तोच /२४ आपला म्हणून जाहीर करील आणि ती कंपनी तोही तितक्याच तत्परतेने पुढे पाठवील.

२४ फेब्रुवारी २००८ चे प्रकरण तुला ठाऊक आहेच. पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब आपल्या देशापुरते बंद करायचे होते. त्यासाठी यूट्यूबच्या /२२ मधला एक /२४ त्यांनी आपल्याकडे वळवला आणि तो मार्ग बाहेर निसटला. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने तो न तपासता जगाला दिला आणि सुमारे दोन तास जगभरातून यूट्यूब मिळेनासे झाले. मार्ग निसटणे हे माणसाच्या हातून होतेच. वरच्याने फिल्टर लावला असता, तर ते तिथेच थांबले असते. म्हणून सांगतो, होस्ट निवडताना किंमत नंतर बघ, आधी तो फिल्टर लावतो का ते विचार.

व्हल्टरसारख्या ठिकाणी भाड्याच्या लहान सर्व्हरवरही बीजीपी मिळते, पण आधी अधिकारपत्र, म्हणजे एलओए द्यावे लागते. त्या खटाटोपाचा तुला कंटाळा येतो, हे मला माहीत आहे. तो खटाटोप तुझ्याच रक्षणासाठी आहे, बाळा. आरपीकेआयमधल्या तुझ्या आरओए नोंदी नीट भर. जेवढा प्रीफिक्स जाहीर करतेस तेवढाच त्यात असू दे. मग प्रत्येक कंपनीला स्वच्छ विचार: आरपीकेआयमध्ये अवैध ठरलेले मार्ग नाकारता का? एकच प्रीफिक्स अनेक ठिकाणांहून जाहीर केला तर चालेल का? बीजीपी कम्युनिटी देता का? आणि हल्ला झाला, तर माझा पत्ता किती वेळ ब्लॅकहोलमध्ये टाकणार? ज्यांना हे प्रश्न कळत नाहीत, त्यांच्याकडे थांबू नकोस.

आज सकाळी इथल्या ब्रॉडबँडवरून तुझ्या पत्त्याला ट्रेसरूट लावून पाहिले. तुझा एक सर्व्हर मुंबईतच आहे. साताऱ्याहून निघालेले पाकीट मुंबईपर्यंत गेले आणि तिथून थेट तुझ्या सिंगापूरच्या सर्व्हरकडे. शेवटच्या ओळीत साठ मिलिसेकंदांच्या वर आकडा. दहाच्या आसपास यायला हवा होता. बीजीपीला किलोमीटर कळत नाहीत. वाहक आधी आपल्या पैसे देणाऱ्या ग्राहकाचा मार्ग धरतो, मग तो समुद्रापलीकडे का असेना. तुझ्या सिंगापूरच्या होस्टचा अपस्ट्रीम मुंबईच्या होस्टकडे नाही, म्हणून हे होते. सगळ्या शहरांत शक्यतो तेच दोन अपस्ट्रीम असलेले होस्ट शोध. पाच स्वस्त ठिकाणांपेक्षा नीट पारखलेली तीन पुष्कळ झाली.

आणि वर्षाचे पैसे एकदम भरलेस म्हणे! असे करतात का? इक्विनिक्स मेटल केवढी नावाजलेली सेवा, बीजीपीसाठी लोक मुद्दाम तिथे जात. ती २०२६ च्या जूनमध्ये बंद करणार, असे त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणून होस्ट महिन्यामहिन्याने घे. त्या न विचारणाऱ्या कंपनीकडून तर आजच बाहेर पड, पैसे बुडाले तरी चालतील.

रागावलो असे समजू नकोस. १९९५ च्या ऑगस्टमध्ये व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांना खुले केले, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. पुढे खासगी आयएसपींना परवानगी मिळाली. सांगलीचा मित्र म्हणाला, चल, आपले काहीतरी उभारू. घराचे हप्ते डोळ्यांसमोर आले आणि मी नाही म्हटले. त्यानंतर जन्मभर दुसऱ्यांची नेटवर्क सांभाळली. तुझ्या आजोबांच्या, अण्णांच्या शेवटच्या दिवाळीलाही मी रात्रपाळीवर होतो. लिंक पडली की मीच लागायचो. ताईने कधी बोलून दाखवले नाही, पण मला ते अजून सलते. तू जे करते आहेस, ते मला करायचे होते.

एक राहिलेच. सर्व्हर आजारी पडला की मार्ग आपोआप मागे घेणारी स्क्रिप्ट तू लिहिली असशील. सगळी ठिकाणे एकाच वेळी मागे हटणार नाहीत, एवढे बघ. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या डीएनएस ठिकाणांचा डेटा सेंटरशी संपर्क तुटला, तशी त्यांनी एकदमच माघार घेतली आणि सहा तासांच्या आसपास सगळे बंद राहिले. एक ठिकाण काही झाले तरी जाहीर करत राहील असे ठेव.

तेवढे झाले की रात्री फोन बंद करून झोपत जा. एक जागा पडली तर बाकीच्यांनी काम ओढावे, म्हणून तर हा सगळा खटाटोप. त्याचा पहिला लाभ तुला मिळू दे. ताई सांगत होती, तू जेवायच्या वेळा पाळत नाहीस. नवीन होस्टचे पहिल्या तीन महिन्यांचे पैसे माझ्याकडून. मागायला संकोच करू नकोस आणि परत करायचा विचारही नको. या कंपन्यांशी बोलताना अडलीस तर मला कधीही फोन कर, अगदी मध्यरात्रीसुद्धा. मामी म्हणते, सायलीचा फोन आला की तुम्हाला झोपमोड वाटतच नाही, आणि ते खरे आहे.

तुझा,
मामा