मत नसले, तरी म्हणणे मांडता येते

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, अजून एच-१बी व्हिसावरच. घरामागे गोदाम होणार म्हणतात. मतदानाचा हक्क नसताना त्याविरुद्ध बोलता येईल का?
— एक वाचक

उत्तर : मतदानाला नागरिकत्व लागते, सभेत बोलायला नाही. न्यू जर्सीच्या खुल्या सभांच्या कायद्याने टाउनशिप कौन्सिल आणि शाळा मंडळ यांना प्रत्येक सभेत लोकांसाठी वेळ राखून ठेवावाच लागतो. गोदामाचा अर्ज मात्र बहुधा नियोजन मंडळापुढे जातो. जागेपासून २०० फुटांच्या आतल्या मालमत्ताधारकांना सुनावणीआधी किमान १० दिवस नोटीस मिळते. भाडेकरूच्या हाती ती सहसा पडत नाही, म्हणून मंडळाच्या सूचनांवर नजर ठेवलेली बरी. नकाशेही १० दिवस आधीपासून कचेरीत पाहता येतात. सुनावणीत अर्जदाराच्या तज्ज्ञांना प्रश्न विचारता येतात, आणि खरे काम तिथेच होते. नुसते ‘गोदाम नको’ म्हणून भागत नाही. रात्रीचे ट्रक, पावसाच्या पाण्याचा निचरा असे नेमके मुद्दे लागतात. सह्यांच्या निवेदनापेक्षा हजर राहून दिलेली साक्ष वजनदार ठरते.

एक खबरदारी : वाहन परवाना काढताना मतदार नोंदणीचा अर्ज समोर आला, तर नागरिकत्वाशिवाय तो भरू नये, पुढे ग्रीन कार्ड अडू शकते.