रोगण का वाळेना?

आमच्या वाचनालयासाठी आम्ही वर्गणी काढून एक सागवानी कपाट करून घेतले. सुतारकाकांनी काम नेटके केले. रोगण लावण्याचे काम तेवढे आम्ही अंगावर घेतले. लाखेच्या रोगणाची एक बाटली दोन वर्षे पडून होती. म्हटले, नवे कशाला आणा? हेच संपवू.

लाखेच्या रोगणाचा पातळ हात तासाभरात वाळतो. आमचे रोगण दुसऱ्या दिवशीही चिकट! आठ दिवस वाट पाहिली आणि पुस्तके मांडली. पुढे एक पुस्तक काढायला गेलो, तर ते फळीला चिकटलेले. ओढले, तसा पुठ्ठा फाटला. अशी सात पुस्तके खराब झाली. फार हळहळ वाटली.

कोणी म्हणाले, हवा पावसाळी आहे. कोणी म्हणाले, हात जाड पडला. या दोन्ही कारणांनी रोगण उशिरा वाळते, हे खरे. पण सुतारकाकांनी काचेच्या तुकड्यावर जुन्या रोगणाचा एक थेंब टाकला. शेजारी ताज्या रोगणाचा टाकला. सकाळी नख लावून पाहिले. ताजा थेंब टणक होता. जुन्यात नख रुतले!

असे का होते? पळस, बोर अशा झाडांवर बारीक किडे लाख तयार करतात. ती स्वच्छ करून तिच्या पातळ पापड्या करतात. तीच चपडी. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवली की रोगण झाले. लावल्यावर स्पिरिट उडून जाते. लाख मागे राहते व कडक होते. पण बाटलीत फार दिवस राहिले, तर लाखेचा स्पिरिटशी हळूहळू संयोग होतो. तिचा गुण बदलतो. मग स्पिरिट उडाले तरी ती मऊच राहते. वरून नवे स्पिरिट घालून ती सुधारत नाही.

आम्ही स्पिरिटच्या फडक्याने फळ्या पुसून काढल्या. ताज्या रोगणाचे पातळ हात दिले. कपाट वाळले.

हे ध्यानात ठेवा:

१. लागेल तेवढेच रोगण कालवा. सहा महिन्यांत संपवा.

२. जुने रोगण आधी काचेवर पारखा.

३. बाटलीचे बूच घट्ट लावा. बाटली थंड जागी ठेवा.

४. स्पिरिट लगेच पेट घेते. चूल, दिवा, विडी दूर ठेवा. ते विषारी आहे. मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता आमच्या बाटलीवर चिठ्ठी असते: "लाखेचे रोगण. पिऊ नये. कालवले ता. ५ जून." दोन ओळींची चिठ्ठी आधीच लिहिली असती, तर सात पुस्तके वाचली असती.

तुमच्या घरातील कोणत्या बाटलीवर चिठ्ठी हवी? आजच लिहून चिकटवा.