कंबरेची गादी आणि लहान छेद

गेल्या वार्षिक परीक्षेच्या वेळी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलताना आमच्या कंबरेत उसण भरली. दोन दिवसांत कळ उजव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरली. डॉक्टरांनी गादी सरकल्याचे सांगताच भेटीस येणारा जो तो म्हणू लागला, "मास्तर, दुर्बिणीने करून टाका. एवढेसे भोक पाडतात, दुसऱ्या दिवशी माणूस चालतो!" हे खोटे नाही. परंतु भोक लहान असणे आणि शस्त्रक्रियेची गरज असणे या दोन निराळ्या गोष्टी होत. हे उमगण्यास आम्हांस बराच वेळ लागला, म्हणून येथे लिहितो.

'सरकली' हा शब्दच थोडा फसवा आहे. दोन मणक्यांमधील गादीस बाहेरून चिवट तंतूंचे कडे असते आणि आत मऊ गर असतो. कडे फाटले की गर बाहेर येऊन शेजारच्या नसेवर दाब देतो. कंबरेत हे बहुधा सर्वांत खालच्या दोन गाद्यांपैकी एकीत घडते. दुखणे कंबरेचे, पण ओरडतो पाय, ते यामुळेच.

हा संबंध बोस्टनच्या मिक्स्टर व बार या डॉक्टरांनी १९३४ साली स्पष्ट केला. तेव्हा मणक्याचे हाड बरेच कापून गर काढावा लागे. १९६४ साली अमेरिकेत लायमन स्मिथ यांनी निराळीच युक्ती काढली. पपईच्या चिकातील एक द्रव्य सुईने गादीत सोडून त्यांनी गर विरघळविला. आमच्या घरी मांस लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा गर चोळतात, त्याच जातीची ही करामत! पण काही रुग्णांना त्याची भयंकर ॲलर्जी होई, आणि अखेर तो उपाय मागे पडला. १९७७ पासून सूक्ष्मदर्शकाखाली लहान छेदाने गर काढण्याची पद्धत रूढ झाली, तर १९९७ च्या सुमारास नळी व दुर्बीण आली. नळीच्या पद्धतीत स्नायू कापण्याऐवजी बाजूस सारतात आणि दाबणारा तुकडा तेवढा काढतात. सगळी गादी काढीत नाहीत.

आता नेदरलँड्समधील दोन पाहण्या पाहा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिलीत पायाची तीव्र कळ सहा ते बारा आठवडे सोसलेले २८३ रुग्ण होते. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली. मात्र वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी सुमारे चार दशांशांना मध्येच शस्त्रक्रिया करावी लागली, हेही सांगितले पाहिजे. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेते. २००९ च्या दुसऱ्या पाहणीत नळीची पद्धत नेहमीच्या सूक्ष्मदर्शकी शस्त्रक्रियेहून सरस ठरली नाही.

थांबू नये असे प्रसंगही आहेत. लघवी वा शौचावरील ताबा गेला, घोड्यावर बसताना खोगीरास टेकतो तो भाग बधिर झाला, किंवा पायातील शक्ती कमी होत चालली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. आमच्या शाळेतील शिपायाच्या डाव्या पायातील चप्पल चालता चालता गळून पडू लागली. पाऊल वर उचलतच नव्हते. त्यास डॉक्टरांनी आठवडाही थांबू दिले नाही. दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली, कळ लगेच गेली, पावलात जोर यावयास मात्र चार महिने लागले.

आमची कळ गोळ्या, बेताचे चालणे व व्यायाम यांनी नवव्या आठवड्यात उतरली. उत्तरपत्रिका आता आम्ही दोन खेपांत नेतो.