दूरच्या सर्व्हरवरील संपादन : वेग कशाने वाढतो?

ग्रंथ छापून झाला की त्यातील चूकही छापली जाते, हा इतिहासाच्या अभ्यासकांचा नेहमीचा अनुभव आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी सिद्ध केलेल्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. परंतु त्यातील एखादे विधान कालबाह्य ठरले, तर वाचकाला समासात टीप लिहिण्यापलीकडे काही करता येत नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने ही स्थिती पालटली. तेथे वाचकच संपादक होऊ शकतो. नागपूरच्या वसतिगृहातील विद्यार्थ्याने केलेली दुरुस्ती काही क्षणांत लंडनमधील मराठी वाचकापुढे येऊ शकते.

संगणकाच्या तासाला विद्यार्थी आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात : पान वाचायला लगेच उघडते, मग त्यातील एक शब्द बदलून जतन करतानाच एवढा वेळ का लागतो? प्रश्न साधा आहे; त्याचे उत्तर मात्र समजून घेण्याजोगे आहे.

अंतराचा हिशेब

समजा, दीक्षाभूमीवरील लेखात धम्मदीक्षेची तारीख चुकली आहे आणि आपला विद्यार्थी ती १४ ऑक्टोबर १९५६ अशी दुरुस्त करतो. हा लेख नागपुरात साठविलेला नसतो. विकिपीडियाची मुख्य डेटा सेंटरे अमेरिकेत, व्हर्जिनियातील ॲशबर्न आणि टेक्सासमधील कॅरल्टन येथे आहेत. नागपूर ते ॲशबर्न हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १३,००० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत येण्यास किमान ०.१३ सेकंद लागतात. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत नसते. नागपूरला समुद्र नाही; आपला संदेश आधी जमिनीवरून मुंबई किंवा चेन्नईच्या किनाऱ्यास जातो आणि तेथून समुद्राखालच्या केबलमध्ये शिरतो. त्यामुळे वेळ आणखी वाढतो.

एकच खेप असती तर हा विलंब जाणवलाही नसता. परंतु आधी दोन्ही संगणकांनी जोडणी करावयाची, मग सुरक्षिततेचा करार करावयाचा आणि त्यानंतर मजकूर पाठवावयाचा, असा क्रम असतो. जुन्या पद्धतीत केवळ सुरक्षिततेच्या करारासाठी दोन खेपा लागत. २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ या पद्धतीने त्यांतील एक खेप वाचविली. प्रकाशाचा वेग वाढविणे कोणाच्याच हाती नाही. खेपा कमी करणे मात्र माणसाच्या हाती आहे.

वाचन जवळून, लेखन मुळाशी

वाचकासाठी उपाय सोपा आहे : लेखाची तयार प्रत त्याच्या जवळ ठेवावयाची. विकिपीडियाने २०१८ मध्ये सिंगापूर येथे असे केंद्र उभारले. नागपूरपासून ते सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर आहे. मागितलेले पान तेथे तयार असेल तर अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारणच उरत नाही.

लेखनाचे तसे नाही. प्रत्येक केंद्रात स्वतंत्रपणे दुरुस्त्या होऊ लागल्या, तर एकाच लेखाच्या चार निरनिराळ्या प्रती तयार होतील आणि खरी कोणती हे सांगता येणार नाही. अभिलेखागारातील मूळ दस्तऐवज एकच असतो व नकला अनेक असतात, तसेच हे आहे. म्हणून प्रत्येक दुरुस्ती मुख्य केंद्रातील मूळ प्रतीवरच नोंदविली जाते आणि त्यानंतर ठिकठिकाणच्या जुन्या नकला रद्द होतात. जतन करताना लागणारा अधिक वेळ ही मूळ प्रत एकच राखण्याची किंमत आहे.

तरीही जवळचे केंद्र संपादकाला उपयोगी पडते. त्याची जोडणी व सुरक्षिततेचा करार सिंगापूरशीच होतो. तेथून अमेरिकेपर्यंतची जोडणी आधीच उघडी ठेवलेली असते. लांबच्या प्रवासातील आरंभीच्या खेपा अशा रीतीने वाचतात.

कामाची वेळ बदलण्याची युक्ती

विलंबाचे दुसरे कारण सर्व्हरच्या कामात आहे. लेख जतन होताना साचे, संदर्भ आणि दुवे यांसह संपूर्ण पान नव्याने रचावे लागते. २०१४ च्या अखेरीस विकिमीडियाने आपली आज्ञावली चालविण्यासाठी एचएचव्हीएम हे नवे साधन स्वीकारले, तेव्हा जतन करण्याचा सरासरी वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. केबल तीच होती, अंतर तेच होते. कामाची पद्धत तेवढी बदलली.

याहून बोधप्रद उपाय पुढचा आहे. संपादक सारांशाच्या चौकटीत आपण काय बदलले हे लिहीत असतो, तेवढ्या वेळात त्याचा मजकूर सर्व्हरकडे आधीच पाठविला जातो व पान रचून तयार ठेवले जाते. त्याने बटण दाबले की केवळ नोंद करणे उरते. उलटपक्षी, वर्गवारीच्या याद्या अद्ययावत करण्यासारखी कामे जतन झाल्यानंतर सावकाश केली जातात. काही काम आधी व काही काम नंतर, त्यामुळे माणसाला थांबावे लागते ते फक्त मधल्या आवश्यक कामापुरते.

आपल्या संस्थांसाठी

आपल्या शाळा, वाचनालये व माजी विद्यार्थी मंडळे यांची संकेतस्थळे लहान असली तरी नियम हेच लागू पडतात.

१. सर्व्हर निवडताना तो कोठे आहे हे विचारावे. २०१६ पासून ॲमेझॉनची आणि २०१७ पासून गुगलची सर्व्हर-सेवा मुंबईतूनही उपलब्ध आहे.

२. दूरच्या सर्व्हरवरील फाइल तेथेच उघडून एकेक ओळ बदलू नये. आपल्या संगणकावरील प्रतीत सर्व दुरुस्त्या कराव्यात, त्या दुसऱ्या शिक्षकाने वाचाव्यात आणि मगच एकत्र पाठवाव्यात.

३. एका पानासाठी संपूर्ण फोल्डर पुन्हा चढवू नये. १९९६ मध्ये तयार झालेली आरसिंक ही मुक्त आज्ञावली दोन्हीकडील प्रती ताडून फक्त बदललेला भाग पाठविते.

४. संकेतस्थळ अनेक सर्व्हरांवर असेल तर प्रत्येक ठिकाणी हाताने बदल करू नये. मूळ प्रत एकच ठेवावी व तिच्यावरूनच सर्व ठिकाणच्या नकला अद्ययावत कराव्यात.

५. विकिपीडियावर संपूर्ण लेख न उघडता संबंधित विभागच संपादनासाठी उघडावा. मजकूर कमी जातो, आणि त्याच वेळी दुसरा कोणी वेगळ्या विभागात लिहीत असेल तर बहुधा दोघांचेही बदल टिकतात.

यांपैकी कोणत्याही उपायास मोठा खर्च नाही. हवी ती शिस्त.

वेग कोणासाठी?

काही सेकंद वाचवून काय साधणार, असे कोणी विचारील. ज्याच्या घरी वेगवान जोडणी व स्वतःचा संगणक आहे, त्याला हे सेकंद जाणवत नाहीत. परंतु वसतिगृहात एका संगणकापुढे पाच मुले आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. तेथे प्रत्येक दुरुस्तीस मिनिट लागले तर तासाभरात मोजकीच मुले लिहितात. उरलेली नुसती वाचून उठतात. लिहिण्याची वाट संथ असली की लिहिणारे कमी होतात, आणि मग आपल्या गावाचा, वस्तीचा व चळवळीचा इतिहास आपल्याविषयी इतरांनी जेवढे लिहिले तेवढाच उरतो.

म्हणून आमची माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. आपल्यापैकी जे आज संगणक क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून दोन दिवस शाळेसाठी द्यावेत आणि मुलांना ही पद्धत प्रत्यक्ष करून दाखवावी. पालकांनी घरातील जुनी छायाचित्रे, पत्रके व सभांच्या तारखा मुलांकडून लिहवून घ्याव्यात. तारीख पडताळून, आधार देऊन ती योग्य ठिकाणी नोंदविणे हे आता आपल्या मुलांच्या आवाक्यातील काम आहे. ते त्यांनी करावे, अशी व्यवस्था आपण त्यांना करून दिली पाहिजे.