ड्रॅगन आलाय, जरा थांब ना!

पालकहो, जेवणाची ताटं वाढून झालेली असतात, तीनदा हाक मारून होते आणि खोलीतून उत्तर येतं, "थांब ना आई, ड्रॅगन आलाय!" पारा चढणारच. पण संगणक बंद करण्याआधी आपलं मूल खेळतंय तरी काय, हे एकदा शेजारी बसून बघा. सगळे गेम एकाच माळेचे मणी नसतात.

'ड्वार्फ फोर्ट्रेस'च घ्या. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन भावांनी तो २००६ मध्ये खुला केला. त्यात चित्रं नव्हती, पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं. तरी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ मध्ये तो आपल्या संग्रहासाठी निवडला. चित्रांची आवृत्ती आली ती २०२२ च्या डिसेंबरात.

सुरुवातीला हाताशी सात बुटके असतात. डोंगर पोखरायचा, जमिनीखाली शेती करायची, कोठार भरायचं. वस्ती वाढली, संपत्ती साठली की एखाद्या दिवशी ड्रॅगन येतो. त्याला अडवायला दाराशी उचलता येणारा पूल बांधतात आणि तो आतल्या एका खटक्याला जोडतात. गंमत अशी की खटका मुलांना स्वतः ओढता येत नाही. त्यांनी फक्त हुकूम द्यायचा; कुणीतरी बुटका चालत जाऊन तो ओढणार. खटका लांब असला, तर तो पोहोचेपर्यंत ड्रॅगन आत! आणि वेळेत पूल उचलला, तर लाकडं तोडायला गेलेले बाहेरच राहतात. त्यांच्यासाठी थांबायचं की सगळी वस्ती वाचवायची? मेलेल्यांचे जिवलग पुढे खचतात, कामं सोडतात, मारामाऱ्या करतात. आपल्या निर्णयाची अशी किंमत बघायला लावणारे खेळ मला फार थोडे माहीत आहेत.

यात जिंकणं असं नाहीच. किल्ला आज ना उद्या पडतो आणि 'हरण्यातच मजा आहे' हे इथल्या खेळाडूंचं ब्रीद आहे.

काळजी घ्यायच्या गोष्टीही सांगते. बुटके दारू पितात, जखमांची वर्णनं अगदी बारकाईनं येतात. म्हणून आठवी-नववीच्या आधी हा खेळ देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि "मध्येच थांबवता येत नाही" ही सबब इथे मान्य करू नका. स्पेसबार दाबला की ड्रॅगनसुद्धा जागच्या जागी थांबतो. जेवण, झोप, अभ्यास यांच्या वेळा ठरवा आणि त्या पाळायला लावा.

मात्र किल्ला पडेल त्या दिवशी "बरं झालं, आता तरी पुस्तक उघड" असं म्हणू नका. कुठे चुकलं, पुढच्या वेळी खटका कुठे बसवणार, हे त्याला किंवा तिला सांगू द्या. तुम्ही फक्त ऐका.